इराणीबाईंच्या पातेल्याची खरवड

मला सासरहून परत पाठवली ती भातावरून. कोणाची लेक मूलबाळ होत नाही म्हणून परत येते, कोणाची नवऱ्याचं मन फिरलं म्हणून येते. माझ्या सासूनं मात्र साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की हिला साधा भात करता येत नाही, रोज तळाला लावते. दिवाळीच्या आधी सासऱ्यांनी मला होडीत बसवलं, भरतीच्या पाण्याबरोबर पनवेलच्या बंदरावर आणून उतरवलं, गाठोडं हातात दिलं आणि त्याच होडीनं ते उरणच्या बाजूला परत गेले. नवरा होडीपर्यंतसुद्धा आला नव्हता.

आम्ही आगरी माणसं. भात आमच्या शेतात, मीठ आमच्या आगरात. आगऱ्याच्या बाईला भात जमत नाही हे ऐकून लोक आधी हसायचे आणि मग मला खालपासून वरपर्यंत निरखायचे. शितावरून भाताची परीक्षा करतात, तशी भातावरून माझी झाली होती. मी बावीस वर्षांची होते, चौथी पास होते, भाताचा भारा कोणाचा हात न लागता डोक्यावर चढवत होते, पण त्याचं कोणाला काही नव्हतं. आणि खोटं कशाला बोलू, भात लागत होता हे खरंच होतं. तो का लागत होता हे मात्र तेव्हा माझं मलाही उमगलं नव्हतं, म्हणून मी तोंड बंद ठेवलं. माझ्या स्वभावाला ते फार जड गेलं.

माहेरी आल्यावर मी कानाला खडा लावला. भात शिजायला ठेवला की टोपासमोर फतकल मारून बसायचं, जाळ मागे-पुढे करायचा, जरासा वास आला की टोप उतरवायचा. त्या हिवाळ्यात माझ्या हातचं एक शीतही तळाला चिकटलं नाही. टोप नुसता पाण्यानं विसळला तरी लखलखीत व्हायचा. आई म्हणायची, "बाय, ह्यो भात तुज्या सासूला दाखवाय पायजे." मला नुसतं सासूचं नाव ऐकून राग यायचा.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती. पनवेलला अजून रेल्वे आली नव्हती. मुंबई-पुण्याच्या मोटारी गावातूनच जायच्या आणि रस्त्यावरच्या एका इराण्याच्या हॉटेलापाशी चहापाण्याला थांबायच्या. पुढे हॉटेल, मागे शेठचं बिऱ्हाड, आणि मध्ये अंगण, विहीर आणि बाईंचं स्वयंपाकघर. आमचं घर सुकापूरच्या अंगाला. तिथून मी रोज सकाळी चालत यायचे आणि बिऱ्हाडातली भांडी घासायचे.

बाई म्हणजे शेठची बायको. इराणातल्या यझ्दहून सोळाव्या वर्षी लग्न होऊन बोटीनं आलेली, आता पन्नाशीची, अंगानं भरलेली आणि जिभेनं तिखट. आमच्याशी मराठी बोलायची ती अर्धी हिंदी, अर्धी गुजराती घालून. मला "दीकरी" म्हणायची आणि भांड्याला काजळी राहिली तर त्याच तोंडानं फाडून खायची. तिचं माझं पहिल्या दिवसापासून जमलं.

एका रविवारी मुंबईहून त्यांचे पाहुणे आले. बाईंनी कल्हईच्या मोठ्या तांब्याच्या पातेल्यात काहीतरी रचून रचून शिजवलं, आणि जेवायच्या वेळी ते पातेलं परातीवर उपडं केलं. आतून भाताचा भला मोठा सोनेरी केक निघाला. वरून सगळा कडक, खरपूस, केशरी. मी विहिरीपाशी भांडी घासत होते, हातात राख तशीच. म्हटलं, हा तर तळ! ही तर लागलेल्या भाताची खरवड, आणि ती वर करून लोकांना दाखवताहेत! पुढचं तर त्याच्याही वरचं. बाईंनी त्या खरवडीचा पहिला तुकडा मोडला आणि पाहुण्यांमधल्या सगळ्यात म्हाताऱ्या गृहस्थाच्या ताटात मानानं घातला.

आमच्याकडे खरवड घरातल्या बाईनं सगळ्यांच्या पाठी गुपचूप खायची, नाहीतर कोंबड्यांना घालायची. पोरींना तर खाऊच देत नाहीत, खरवड खाल्ली की लग्नात पाऊस पडतो म्हणतात. पाहुण्याच्या पानात खरवड वाढणं म्हणजे त्याला उंबऱ्यावरून परत पाठवण्यासारखं. आणि इथे त्या म्हाताऱ्यानं डोळे मिटून तो तुकडा कुरकुर चावला आणि बाईंच्या हाताला हात लावून कपाळाला नेला.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं. बाई म्हणाल्या, "ह्याला तहदीग बोलतात. तह म्हणजे तळ. दीग म्हणजे डेग, पातेला. तळ चांगला तर बाई चांगली. आमच्यात असाच बघतात."

मी भांडी घासत बसले आणि मला रडू आलं. त्या दिवशी मला कळलं, की जगात अशीही एक जागा आहे जिथे माझ्या सासूचं बोट माझ्याकडे नाही, जिचा भात तळाला लागत नाही तिच्याकडे गेलं असतं.

माघात दोन गोष्टी एकदम झाल्या. एक म्हणजे बाईंचं उजवं मनगट धरलं. वाताचं दुखणं, लाटणंसुद्धा हातात धरवेना, मग ते पातेलं कुठून उचलणार! दुसरी गोष्ट म्हणजे माझ्या दादाकडे सासऱ्यांचा निरोप आला, की शिमगा झाला की सुनेला न्यायला येतो. मिठाचा हंगाम भरात होता, पाट्या वाहायला माणसं कमी पडत होती. भाताबद्दल निरोपात एक अक्षर नव्हतं. मिठागरावर माझे हात हवे होते, चुलीपाशी नसले तरी चालणार होतं.

दादा वाईट नव्हता. तो म्हणाला, "बाय, बाईमानूस माहेरी किती दिस ऱ्हानार? उंद्या माजा लगीन व्हनार, येनारी कशी असंल मना काय ठावं. न्यायला येतान तं जा."

दुसऱ्या दिवशी मी बाईंपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "बाई, तुमची चूल मला द्या." त्यांनी मला नीट बघितलं. भांडी घासणारीनं चूल मागावी असं त्यांच्या घरात आजवर घडलं नव्हतं. मग म्हणाल्या, "बाकी सगळा तू शिकेल. पण तहचीन? तो मी कोणाला हात लावू दिला नाही." त्या पदार्थाचं नाव तहचीन. "बघ, नवरोजला पंचवीस माणूस जेवतात. त्या दिवशी पातेला तू उपडा करायचा. अख्खा निघाला तर चूल तुझी, मागची खोली पण तुझी. तुटला तर भांडी घास, मी बोलणार नाही काही."

खोली मिळाली तर माझा कोणावर भार नाही, आणि भार नाही तर मला कोणी होडीत बसवू शकणार नाही. इतकं सरळ होतं. नवरोज, त्यांच्या नव्या वर्षाचा पहिला दिवस, मार्चच्या एकविसाला, म्हणजे हातात जेमतेम महिना. शिमगाही त्याच सुमाराला. मी कंबर कसून कामाला लागले.

तहचीन शिकायला मला वाटलं होतं तितकं अवघड गेलं नाही, निदान शेवटच्या पायरीपर्यंत. जुना लांब तांदूळ मिठाच्या पाण्यात दोन तास भिजवायचा. मग भरपूर पाण्यात उकळायचा आणि शीत चिमटीत दाबलं की आत बारीक कणी लागते न लागते तोच रोवळीत ओतून निथळायचा. हे तर आमचंच काम. आम्हीही पेज काढूनच भात करतो. बाई पेज ओतून द्यायच्या, मी ती मीठ घातलेली पेज वाटीत धरून प्यायचे. कोंबडी कांद्याबरोबर शिजवून हाडं काढायची. गाजराच्या काड्या तुपात परतायच्या. वांग्याच्या चकत्या तळायच्या. त्यांच्या मुलखात एक मोठा हिरवा दाणा शेपूबरोबर घालतात, तो इथे मिळत नाही म्हणून बाईंनी वीस वर्षांपूर्वीच आपल्या वालाच्या डाळिंब्या धरल्या होत्या. वाल भिजवून, मोड आणून, सोलून मी द्यायचे, कारण त्यांच्या बोटांना ते कधीच जमलं नाही. तिकडच्या आंबट लाल बियांऐवजी आमसुलं भिजवून, साखर घालून, बारीक चिरून टाकायच्या. पनवेलच्या बाजारानं तो पदार्थ आधीच निम्मा आपलासा केला होता.

मग रचायचं. सगळ्यात खाली तूप, आणि त्यावर दही, अंड्याचं पिवळं आणि केशराचं पाणी कालवलेला भात चेपून बसवायचा. तो तळ. त्यावर मोकळा भात, मग शेपू आणि वाल, मग कोंबडी, पुन्हा भात, मग गाजर-वांगं-आमसूल, आणि शेवटी भाताचा ढीग. डावाच्या दांड्यानं वरून खालपर्यंत चार-पाच भोकं पाडायची, वाफ निघायला. झाकणाला फडकं गुंडाळून घट्ट बसवायचं आणि मंद कोळशावर तासभर, सव्वा तास ठेवायचं.

इथपर्यंत सगळं ठीक. ह्यापुढे मुद्दाम भात लागू द्यायचा होता, आणि तेच मला येईना.

पहिल्या खेपेला बाई माझ्याशेजारी पाटावर बसल्या होत्या. अर्धा तास झाला. तळातून खमंग वास आला तसे माझे हात माझ्या परवानगीशिवाय पुढे गेले आणि मी चिमट्यानं कोळसे ओढून काढले. बाई "अरे, अरे" म्हणेपर्यंत शेगडी निम्मी रिकामी. पातेलं उपडं केलं तर ओल्या खिचडीसारखं सगळं परातीत पसरलं. चव चांगली होती. शेठनी दोनदा मागून घेतलं. पण बाई म्हणाल्या, "हा कोणी आजारी असेल त्याला घाल."

पुढच्या रविवारी मी मनाशी घोकत बसले होते, उचलायचं नाही, उचलायचं नाही. वास आला, मी हात मांडीखाली दाबून धरले. वास वाढला. आणि मग काय झालं मला खरंच सांगता येत नाही; लागणाऱ्या भाताला वाचवायला आमच्या बायका करतात तसं मी झाकण उचलून कडेनं पाण्याचा हबका मारला, कोळसे बाहेर काढले आणि त्यांच्यावरही तांब्यातलं पाणी ओतलं. कोळसे चर्र करून विझले आणि स्वयंपाकघरात वाफ झाली.

बाई ओरडल्या. भाताबद्दल नाही, विस्तवाबद्दल. त्यांच्या धर्मात अग्नीवर पाणी टाकत नाहीत, फुंकरही मारत नाहीत. राखेनं झाकतात आणि आपोआप निजू देतात. मला ते माहीत नव्हतं. मी पाया पडले. त्यांचा राग उतरायला दुपार झाली. मग त्या म्हणाल्या, "दीकरी, तू भातला एवढा भिते कशाला?"

मी सगळं सांगितलं. सासू, आळी, होडी, सगळं. बाई आपलं दुखरं मनगट चोळत बसल्या आणि शेवटी म्हणाल्या, "दोन कोंबडी गेली. आता तिसरी खेप नवरोजलाच."

म्हणजे मधे सराव नाही. पण भात तर आमच्या घरी होता! मी ठरवलं, रोज घरी भात लावायचा. मुद्दाम.

पहिल्या संध्याकाळी आई शेजारहून धावत आली. "आगो भात लागला!"

"लागू दे."

"आगो जलतंय!"

"जलू दे, आये. मना बघू दे कसा जलतंय ते."

तिला वाटलं मला कोणाची तरी बाधा झाली. पहिल्या दिवशी तळ काळा कोळसा झाला. दुसऱ्या दिवशीही तसाच. तिसऱ्या दिवशी आळीतल्या बाया वास घेत दारात आल्या आणि एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. सासूचं म्हणणं खरंच म्हणायचं. दादा कपाळावर हात मारून म्हणाला, "आता सगल्या गावाला दाखव, म्हंजे झाला." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला लाज वाटत होती. पण लाज बाजूला ठेवून मी रोज ती खरवड उलथन्यानं काढून एकटीच खायचे, कारण अन्न टाकायचं नाही हे आईचं बोलणं मोडवत नव्हतं. लग्नात पाऊस पडतो तर पडू दे. माझं लग्न होऊन गेलं होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी मला एक गोष्ट कळली. भात एकदम लागत नाही. तो आधी कितीतरी वेळ सांगत असतो. सुरुवातीला टोप गुरगुरतो, तेव्हा आत पाणी असतं. मग मी तळाला घातलेलं तूप चुरचुरतं, ओलं ओलं. मग तो आवाज बारीक आणि कोरडा होतो, आणि वास भाजलेल्या शेंगदाण्यासारखा येतो. तेव्हा तळ सोनेरी असतो. त्यानंतरही चांगला चिलीम ओढण्याइतका वेळ जातो, तेव्हा कुठे वास कडू होतो. एवढं सगळं तो सांगतो. ऐकायला फक्त कोणीतरी शेजारी बसलेलं लागतं.

मी उलथनं हातात धरून तशीच बसले आणि सासरची चूल माझ्या डोळ्यांपुढे आली. तिथे मी कधी बसलेच नव्हते! आधण आलं, तांदूळ घातले की मिठागराच्या बांधावरून सासऱ्यांची हाक यायची, "सूनबाय गो!" मीठ पिकलेलं असायचं, पाट्या उचलायच्या असायच्या. हाक आली की उठायचं. वीस पाट्या वाहून परत यावं तो टोपातून धूर निघतोय. एकदाही माझ्या मनात आलं नाही, की म्हणावं, थांबा, भात आहे. चार वर्षं मी उठत राहिले आणि चार वर्षं भात लागत राहिला. माझं डोकं असं तापलं की मी तो टोप जमिनीवर आपटला. आईनं विचारलं काय झालं. मी म्हटलं, "काय नाय. मना भात येतं."

आठव्या दिवशी तळ अख्खा निघाला, नाण्यासारखा गोल. मी तो आईला दिला. ती आधी घेईना. मग एक कोपरा मोडून तोंडात टाकला, चावला, आणि दुसरा मोडला.

शिमगा होऊन दोनच दिवस झाले होते तेव्हा नवरोज आला. अंगणात अजून कुठे कुठे रंग होता. सकाळपासून मुंबईची माणसं मोटारीतून उतरत होती. बाईंनी टेबलावर आरसा, अंडी, मिठाई, पाण्यात सोडलेली फुलं असं काय काय मांडलं होतं. मी चार कोंबड्या शिजवल्या, दोन शेर वाल सोलले, आणि बाराच्या सुमाराला रचलेलं पातेलं शेगडीवर चढवलं. बाई पाहुण्यांत होत्या. जाताना फक्त एवढं म्हणाल्या, "आज मी बसणार नाही. तू बस."

तास होत आला होता. गुरगुर संपून चुरचुर सुरू झाली होती. तेवढ्यात मागच्या दारात सावली पडली. पुढे सासरे, मागे दादा, दादाच्या हातात माझं गाठोडं.

"चल गो सूनबाय," सासरे म्हणाले. "पानी चढलंय, होरी बंदराव हाय. वोहोटी लागली तं चिखलान बसंल."

मी पाटावरून हलले नाही. "मामा, भात शेगडीवं हाय. तो होईपत्तूर मी उठनार नाय."

"भात काय पलून चाललाय? होरी पलून चाललीय!"

"होरी तुमची, टोप माजा."

दादा म्हणाला, "आगो, असा काय बोलतेस?" आणि सासऱ्यांनी बांधावरून मारायचे तश्शी हाक मारली. "सूनबाय गो! ऊठ!"

आता खरं तेच सांगते. माझे गुडघे उठायला निघाले. मनात सगळं ठरलेलं होतं, तरी ते शहाणपण गुडघ्यांपर्यंत पोचलंच नव्हतं. हात जमिनीला टेकलासुद्धा. आणि त्याच वेळी पातेल्यातला आवाज बारीक झाला, कोरडा झाला. शेंगदाण्याचा वास आला. अजून थोडं हवं होतं. थोडंच. मी उठले असते तर दारापर्यंत जाऊन येण्यात तो कडू झाला असता.

मी परत बसले. "मामा, हाक मारू नका. आयकू येत नाय मना."

"मी हाक मारतूंय ती आयकू येत नाय?"

"भाताची."

चार वर्षांत माझा एवढा आवाज सासऱ्यांनी ऐकला नव्हता. रागावावं की काय करावं हे त्यांना कळेना. मी कान पातेल्याला लावून बसले. त्या गडबडीत बाई आत आल्या. कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, "माझे सासरे. मला न्यायला आलेत." बाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा गाठोड्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग हसून दोघांना ओट्यावर चटई टाकून दिली. "नवरोजला दारात आला माणूस उपाशी नाही जायचा. बसा, बसा."

वास पुरता झाला. मी कोळसे राखेनं झाकले, पाणी नाही मारलं. विहिरीच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट जमिनीवर अंथरलं आणि पातेलं त्याच्यावर टेकवलं, म्हणजे तळ गार पडून सुटतो. चर्र झालं. मी मनात वीसपर्यंत मोजले, वीस पाट्या वाहायचे तेवढे. मग परात पातेल्यावर पालथी घातली, दोन्ही बाजूंना फडकी धरली आणि दम धरून उलटं केलं. आत काहीतरी धप्पकन बसलं. तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

पातेलं उचललं. तहचीन अख्खं निघालं होतं, सोन्यासारखं, फक्त एका कडेला रुपयाएवढा टवका तळालाच राहिला होता. मला मेल्यासारखं झालं. बाईंनी पातेल्यात बोट घातलं, तो टवका अलगद सोडवला, जागेवर बसवला आणि थोपटला. "अख्खा आहे," त्या म्हणाल्या. "कोण नाही बोलते?"

पुढच्या खोलीत पंचवीस माणसं ताटांवर खोळंबली होती. बाईंनी मात्र पहिला तुकडा तिथेच, स्वयंपाकघरात मोडला, खाली वाल-शेपूचा भात आणि कोंबडी घातली आणि बशी माझ्या हातात दिली. "पहिला तुकडा पावन्याला. घरच्याच्या आधी दारातला. जा, दे."

ती बशी घेऊन ओट्यापर्यंत चार पावलं होती. सासऱ्यांनी बशीत बघितलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"ही खरवड हाय."

"हाय."

"मना खरवड वारतेस?"

"ह्यांच्यात पयला मान तिलाच हाय, मामा. आतले मोटे लोक वाट बघतान तिची."

त्यांनी मागे उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं. बाई आपल्या दुखऱ्या हातानं खूण करत होत्या, खा, खा. म्हाताऱ्यानं तुकडा उचलला आणि दातांखाली धरला. कुरकुर असा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. ते चावत राहिले. मग भात खाल्ला, कोंबडी खाल्ली, आमसूल बोटानं उचलून काय आहे ते बघितलं आणि तेही खाल्लं. बशी पुसून घेतली. दादानं तर दुसऱ्यांदा मागितलं.

सासऱ्यांनी हात धुतले. मग म्हणाले, "तुजी सासू बोलते तुना भात येत नाय."

"खरं बोलते ती," मी म्हटलं. "मधीच उठवली तं नाय येत."

हाक कोणाची असायची हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. त्यांनी पागोटं सारखं केलं, दादाजवळचं गाठोडं घेतलं आणि माझ्यासमोर ओट्यावर ठेवलं. बंदरावर आणून हातात दिलं होतं तेच ते. मग उठले आणि मागच्या दारानं निघून गेले. दादा संध्याकाळी सांगत होता, पाणी केव्हाच ओसरलं होतं आणि होडी चिखलात बसली होती. म्हातारा पुढच्या भरतीपर्यंत बंदरावर एकटाच बसून राहिला.

त्या चुलीपाशी मी एकोणीस वर्षं बसले. पुढे एका खोलीच्या दोन खोल्या झाल्या, आई माझ्याकडे राहायला आली, बाई गेल्या तेव्हा त्यांचं कल्हईचं पातेलं माझ्याकडे आलं. अजून आहे. भाच्या, त्यांच्या सुना, त्यांच्या लेकी सगळ्यांनी त्यात हात आजमावलेला आहे. कोणाचा तळ जमतो, कोणाचा नाही. मी त्यावरून कोणाला कधी बोलत नाही.

एकच नियम आहे. भात शेगडीवर असताना तिथल्या बाईला माझ्या घरात कोणी हाक मारत नाही. फारच निकड असेल तर हाक मारणाऱ्यानं स्वतः आत यायचं, तिच्या जागी पाटावर बसायचं, पातेल्याला कान लावायचा, आणि मग तिनं उठायचं.